प्रेसमडमधली साखर आणि स्पॅममधली पत्रे



आपल्यापैकी ज्यांनी कारखाना आतून पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, उसाचा रस काही सरळ साखर होत नाही. त्याला चुना देतात, गंधकाचा धूर देतात, तापवतात, मग गाळ खाली बसतो. तो गाळ व्हॅक्यूम फिल्टरवर जातो. तिथे त्याच्यावर गरम पाण्याचा फवारा मारून उरलासुरला रस ओढून घेतात आणि मागे राहतो तो प्रेसमड. १०० टन उसामागे साधारण ३ ते ४ टन. तो आपण शेतात खत म्हणून नेतो आणि विसरून जातो.

पण लॅबोरेटरी विसरत नाही. त्या काळ्या गाळातही शेकडा दीड-दोन साखर गेलेली असते. म्हणजे १०० टन उसामागे ४५ ते ८० किलो. म्हणून केमिस्ट पाळीपाळीला नमुना घेतो, पोल काढतो, आकडा रिपोर्टात लिहितो. आकडा वाढला की चीफ केमिस्ट फिल्टरवरच्या माणसाला विचारतो, "काय रे, पाणी बरोबर मारतोस ना?" गाळणी म्हटली की घाणीबरोबर थोडा मालही जाणार, हे आपण मान्य केले आहे. मात्र किती गेला हे रोज मोजायचे, हा शहाणपणाही आपण शिकलो आहोत.

आज लिहायचे आहे ते दुसऱ्या एका गाळणीविषयी. ती आपल्या प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आणि ऑफिसातल्या संगणकात बसलेली आहे. नको असलेल्या पत्रांना आणि संदेशांना स्पॅम म्हणतात, आणि ते अडवणाऱ्या यंत्रणेला स्पॅम फिल्टर. या फिल्टरमध्ये चांगली, कामाची, कधी आयुष्याची दिशा ठरवणारी पत्रे रोज जात आहेत. आणि त्या गाळाचा नमुना मात्र कोणी काढत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

घरचीच गोष्ट सांगतो. माझा पुतण्या जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाला. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्टच्या जागेसाठी त्याने अर्ज केला. मार्क चांगले, एका हंगामाचा अनुभव गाठीशी. महिना झाला, उत्तर नाही. वहिनी रोज विचारायच्या, "आलं का रे काही?" तो मोबाईल बघून मान हलवायचा. शेवटी बरोबरच्या मित्राचा फोन आला, "तू इंटरव्ह्यूला का नाही आलास? तुझं नाव यादीत होतं." मग शोधाशोध. पत्र आले होते. वेळेवर आले होते. स्पॅमच्या कप्प्यात पडून होते. मुलाखतीची तारीख जाऊन नऊ दिवस झाले होते.

त्याने फोन केला. पलीकडचा क्लार्क सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "आम्ही तर मेल केला होता." त्याचे खरे होते. पोराचेही खरे होते. आता भांडायचे कोणाशी? पुढच्या हंगामात पोराला दुसरीकडे काम मिळाले, पण एक वर्ष गेले ते गेले. ज्याने प्रेसमडमधली साखर मोजायची, त्याचीच नोकरी अशी गाळात गेली.

ते पत्र फिल्टरने का अडवले असावे, हे मी एका जाणकाराकडून समजून घेतले. ते कारखान्याच्या स्वतःच्या पत्त्यावरून न येता कोणाच्या तरी फुकटच्या साध्या पत्त्यावरून आले होते. एकाच वेळी चाळीस-पन्नास जणांना पाठवले होते. विषयाच्या ओळीत मोठ्या इंग्रजी अक्षरांत 'अर्जंट' होते आणि सोबत एक फाईल जोडलेली होती. लबाड माणूसही नेमके असेच पत्र पाठवतो. फिल्टर काही पत्र वाचून त्याचा अर्थ लावत नाही. तो लक्षणे बघतो आणि अंदाज बांधतो. १८ व्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक थॉमस बेझ यांच्या संभाव्यतेच्या सूत्रावर ही कल्पना उभी आहे, आणि २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाच्या लेखामुळे ती सगळीकडे रुजली. आता यंत्रे त्याहून पुष्कळ हुशार झाली आहेत, पण शेवटी अंदाज तो अंदाजच.

इथे कोणी म्हणेल, मग फिल्टर काढूनच टाका. तसे मी मुळीच म्हणत नाही. जगात फिरणाऱ्या ई-पत्रांपैकी जवळजवळ निम्मी स्पॅम असतात. लॉटरी लागली, खाते बंद होणार, वीज तोडणार, असे सांगून लोकांना लुबाडणारे कमी नाहीत. पीएम किसानच्या नावाने मोबाईलवर फाईल पाठवायची, शेतकऱ्याने ती उघडली की बँकेतले पैसे गायब, असे प्रकार आपल्याकडेही घडले आहेत. अशी फसवणूक झाली तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, हे जाता जाता सांगून ठेवतो. राखणदार पाहिजेच. पण राखणदाराने मालकाच्या पाहुण्यालाच फाटकावरून हाकलले, आणि वर मालकाला सांगितलेही नाही, तर त्याला राखण म्हणायचे का?

चुका दोन प्रकारच्या असतात, आणि आपण त्या एका तराजूत तोलतो हे चुकते. स्पॅम चुकून पेटीत आले तर ते डोळ्यांना दिसते, आपण वैतागतो आणि पुसून टाकतो. अर्धे मिनीट गेले. चांगले पत्र चुकून स्पॅममध्ये गेले तर ते दिसतच नाही. जे दिसले नाही त्याची तक्रार कोण करणार? जीमेल चालवणारी गूगल कंपनी सांगते की, ९९.९ टक्क्यांहून अधिक स्पॅम आम्ही अडवतो. आकडा छान आहे. पण तो घाण किती काढली याचा आकडा आहे. घाणीबरोबर साखर किती गेली, तो आकडा वेगळा. आपला चीफ केमिस्ट पहिला आकडा सांगून दुसरा लपवू लागला, तर संचालक मंडळ त्याला एक दिवस तरी ठेवील का? आणि जीमेलच्या स्पॅम कप्प्यातले पत्र ३० दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणजे नमुनाही उरत नाही.

हे फक्त आपल्यासारख्या नवशिक्यांचे होते असेही नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या अमेरिकन कंपनीच्या सेवेत खातेच उघडता येईना. कारण काय, तर गावाच्या इंग्रजी नावाच्या अक्षरांत एक अश्लील शब्द दडलेला होता. गाव शेकडो वर्षांचे, पण यंत्राच्या लेखी ती शिवी. आपल्याकडचे दीक्षित आडनावही काही जण इंग्रजीत अशा स्पेलिंगने लिहितात की त्यात एक शिवी बसते. सज्जन माणसाने आडनाव बदलायचे का?

२००४ च्या अखेरीस अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीने स्पॅमच्या भीतीने युरोपातून येणारी पुष्कळशी पत्रे सरसकट अडवली. ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली. एका गावात चार चोर निघाले म्हणून त्या गावच्या कोणालाच बाजारात येऊ द्यायचे नाही, असला हा न्याय. लहान संस्थांना याचा फटका अधिक बसतो. स्वस्तातल्या सर्व्हरवर एकाच पत्त्यावर शंभर बिऱ्हाडे असतात. त्यातल्या एकाने घाण केली की सगळ्या चाळीचे नाव काळ्या यादीत जाते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्या देशातला प्रसंग घ्या. तो ई-पत्रांचा नाही, मोबाईलवरच्या एसएमएसचा आहे, पण रोग तोच. जाहिरातींच्या आणि फसव्या संदेशांना आळा घालण्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ मध्ये नवे नियम केले. संस्थेने आपले नाव नोंदवायचे, संदेशाचा नमुना मजकूरही आधी नोंदवायचा, आणि जाणारा प्रत्येक संदेश त्या नमुन्याशी ताडून पाहायचा. जुळला तर पुढे, नाही जुळला तर तिथेच रद्द. हेतू उत्तम. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी प्रत्यक्ष सुरू झाली आणि देशभर हाहाकार उडाला. बँकांचे ओटीपी येईनात, आधारचे येईनात, कोरोनाच्या लसीची नोंदणी नुकती सुरू झाली होती तिचेही संदेश अडकले. रोजच्या अशा सुमारे १०० कोटी संदेशांपैकी जवळजवळ ४० टक्के अडल्याचे त्या वेळी वर्तमानपत्रांनी छापले होते. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, ट्रायने ती चाळणी ७ दिवसांसाठी थांबवली आणि संस्थांना नमुने दुरुस्त करायला सांगितले.

त्या दिवशी मी स्वतः एका बँकेच्या पायरीवर दोन तास बसलो होतो. आत साहेब म्हणायचे, "आम्ही पाठवला." बाहेर मी म्हणायचो, "मला आला नाही." शेजारी एक आजीबाई होत्या, त्या म्हणाल्या, "मंग तो गेया कथा?" म्हणजे मग तो गेला कुठे? चार शब्दांत आजीबाईंनी सगळा प्रश्न मांडला. गेला कुठे, हे सांगायला कोणीच जबाबदार नव्हते.

मात्र ७ मार्चला आणि १० मार्चला काय फरक होता ते पाहा. एका दिवसात लाखो लोकांचे संदेश अडले म्हणून सगळ्यांना कळले, ओरड झाली, दुरुस्ती झाली. रोज एकेकाचे पत्र अडते तेव्हा ओरड होत नाही. ज्याचे गेले त्याला वाटते आपलेच नशीब.

आपल्या शिवारातले उदाहरण देतो. आमच्या गटातले एक जिभाऊ. ऊसतोडीचा संदेश मोबाईलवर येईल म्हणून वाट पाहत होते. आला नाही म्हणून त्यांनी उसाला पाणी देऊन टाकले आणि लग्नासाठी सुरतला गेले. तिसऱ्या दिवशी टोळी शेतात हजर. ओल्या रानात गाडी रुतली, ट्रॅक्टर लावून बाहेर काढावी लागली, टोळी दुसरीकडे गेली आणि जिभाऊंचा ऊस पंधरा दिवस मागे पडला. जिभाऊ गट ऑफिसात जाऊन म्हणाले, "माले मेसेजच उना नही भाऊ!" ऑफिसने रजिस्टर दाखवले, संदेश पाठवल्याची नोंद होती. पुढे समजले की नोंदवलेल्या मजकुरात कोणीतरी 'तातडीचे' हा एक शब्द जास्तीचा घातला होता. चांगल्या मनाने घातला असेल. पण नमुन्याशी जुळले नाही म्हणून संदेश वाटेतच बाद झाला. एका शब्दापायी पंधरा दिवस! उसाचे वजन आणि उतारा यांचा हिशेब तुम्हीच करा.

यात कायद्याचीही एक बाजू आहे, ती सभासदांनी नीट समजून घ्यावी. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० याचे कलम १३ सांगते की, इलेक्ट्रॉनिक पत्र तुमच्या संगणक व्यवस्थेत शिरले की ते तुम्हाला मिळाले असे धरले जाते. पक्षांत वेगळे काही ठरले असेल तर गोष्ट निराळी. स्पॅमचा कप्पा हा तुमच्याच पेटीचा कप्पा. तेव्हा "मी पाहिलेच नाही" हे म्हणणे उद्या कोणी ऐकून घेईल अशा भरवशावर राहू नये. पण त्याच कायद्याचे कलम १२ आपल्या उपयोगाचे आहे. पोचपावती मिळाली तरच हे पत्र बंधनकारक समजावे, असे पाठवणाऱ्याने लिहून ठेवले, तर पोच येईपर्यंत ते पत्र पाठवलेच नाही असे मानले जाते. महत्त्वाच्या प्रत्येक पत्राखाली ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

जुने पोस्टखाते आठवा. रजिस्टर पत्राबरोबर पोचपावती यायची, तिच्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असायचा. माणूस सापडला नाही तर पोस्टमन पाकिटावर कारण लिहायचा आणि पत्र पाठवणाऱ्याकडे परत यायचे. उशीर व्हायचा, पण पत्राचे काय झाले ते कळायचे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, तरी पोच मागण्याची ती रीत टाकून देण्यासारखी नाही. ई-पत्रांच्या जगन्मान्य नियमांतही हेच तत्त्व आहे : पत्र एकदा स्वीकारले की ते पोचवायचे, नाहीतर परत कळवायचे. गुपचूप गिळायचे नाही. फाटकावरच नाकारलेले पत्र बरे, कारण पाठवणाऱ्याला ते कळते. स्पॅमच्या कप्प्यात पुरलेले पत्र वाईट, कारण दोन्हीकडचे लोक निर्धास्त असतात.

तेव्हा कारखान्याच्या ऑफिसला माझ्या काही सूचना आहेत. घरचा आहेर समजून स्वीकाराव्यात.

पहिली गोष्ट, जसा रोज प्रेसमडचा नमुना घेता, तसा रोज सकाळी ऑफिसच्या ई-पत्रांचा स्पॅम कप्पा एका ठरलेल्या माणसाने उघडावा. त्यात किती पत्रे कामाची निघाली तो आकडा आवक बारनिशीत लिहावा. महिन्याअखेर तो आकडा कार्यकारी संचालकांपुढे जावा. पाच मिनिटांचे काम आहे. सभासदाचा वारसनोंदीचा अर्ज किंवा ऊसनोंदीची तक्रार तिथे पडली असेल, तर ती तीस दिवसांत पुसली जाण्याआधी हाती लागेल.

दुसरी गोष्ट, कारखान्याची पत्रे कोणाच्या खासगी, फुकटच्या पत्त्यावरून जाऊ नयेत. संस्थेच्या नावाचा पत्ता असावा आणि त्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही तीन व्यवस्था जोडलेली असावी. नावे अवघड आहेत, अर्थ सोपा आहे. पहिली म्हणजे आमचा टपाल कोणता हरकाऱ्या आणील त्याची जाहीर यादी, दुसरी म्हणजे पाकिटावरची लाखेची मोहोर, आणि तिसरी म्हणजे मोहोर जुळली नाही तर काय करायचे याची सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने, दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत. आपण तेवढी धाडत नसू, पण मोहोर नसलेल्या पाकिटाकडे संशयानेच पाहिले जाते.

तिसरी गोष्ट, ज्याच्यावर सभासदाचे नुकसान अवलंबून आहे अशी बातमी एकाच वाटेने पाठवू नये. तोडीची तारीख मोबाईलवर जाऊ द्या, पण गट ऑफिसच्या फळ्यावरही लिहा आणि स्लिप बॉयच्या तोंडीही कळवा. नोंदवलेल्या मजकुरात परस्पर एक अक्षरही बदलू नका. आणि "पाठवला" एवढ्यावर नोंद बंद करू नका. "पोचला" हा रकाना रजिस्टरात हवा.

आता आपण सभासदांनी काय करावे? घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा सुनेला आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा, स्पॅमचा कप्पा उघडायला सांगा. कामाचे पत्र सापडले तर 'स्पॅम नाही' हे बटन दाबा. त्याने यंत्रही शिकते. कारखान्याचा आणि बँकेचा पत्ता ओळखीच्या यादीत घाला. नुसत्या कंटाळ्यापायी कारखान्याचा संदेश ब्लॉक करू नका, आणि केला असेल तर ऑफिसात येऊन भांडू नका. २०२५ पासून एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे एक अक्षर येते : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. पी असेल तर सोडून द्या, बाकीचे वाचा. मात्र अक्षर बरोबर आहे म्हणून ओटीपी कोणाला सांगू नका. आणि ज्याने अर्ज केला आहे त्याने उत्तराची वाट पाहत घरी बसू नये. आठ दिवसांनी सरळ फोन करावा. विचारण्यात कमीपणा नाही.

यंत्राला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण व्हॅक्यूम फिल्टरलाही आपण कधी दोष देत नाही. त्याच्यावर माणूस नेमतो, नमुना काढतो, आकडा लिहितो. जिथे माणूस बघणारा आहे तिथे गाळणी कामाची, आणि जिथे "यंत्र आहे ना" म्हणून सगळे पाठ फिरवतात तिथे साखर गाळात जाते. कुण्या पोराचे वर्षही त्या गाळात जाऊ शकते.

हा अंक वाचून झाला की आजच आपापला स्पॅमचा कप्पा एकदा उघडून पाहा. काही कामाचे सापडले तर गट ऑफिसात कळवा. किती सापडले हे पुढच्या अंकात छापण्याची संपादकांना विनंती आहे. निदान आपल्या कारखान्यापुरता तरी हा आकडा कोणीतरी मोजलेला असेल.

— एक ऊस उत्पादक सभासद